नऊशे ग्रॅमची बाटली

काकांनी मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या बॅगेकडे बघितलं. नवऱ्याच्या ओळखीने ते कुवेतमधल्या, सालमियातल्या आमच्या घरी आले होते. चपला काढल्या, पाणी नको म्हणाले, आणि हॉलमध्ये उघडी पडलेली माझी बॅग उभ्या उभ्या नजरेनेच चाचपली. मग म्हणाले, "ह्यात एक मूर्ख वस्तू आहे."

मला रागच आला. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाले होते. दुधाच्या पावडरीचे डबे, पिस्ते, साबण, आईसाठी जाडजूड ब्लँकेट असं महिनाभर जमवलेलं सगळं त्यात होतं. काकांनी कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून स्टीलचा झारा काढला. "हा रत्नागिरीत मिळत नाही?"

मिळत होता. मी तो का घेतला हे मला आजही सांगता येणार नाही. इथल्या सहकारी दुकानाला सगळे जमिया म्हणतात, त्या जमियात सेल लागला होता, एवढंच आठवतं.

"प्रत्येक बॅगेत एक असते," काका म्हणाले. "ती काढली की झाकण लागतं." झारा काढला आणि झाकण खरंच लागलं.

काका मूळचे मिरजेचे. इथल्या राई भागातल्या एका गोदामात पॅकिंगचं काम करायचे. वॉशबेसिनं, मोठाले आरसे, काचेची झुंबरं असलं फुटकं सामान खोक्यांत भरून पाठवायचं, हे त्यांनी तीसेक वर्षं केलं. त्यामुळे जगातल्या कुठल्याही वस्तूकडे ते दोनच प्रश्न घेऊन बघत. वजन किती, आणि फुटेल का. माणसंही त्यातून सुटत नसत. गणपतीला आमच्याकडे आले की माझ्या मुलीला एकदा नीट न्याहाळत आणि म्हणत, "एकोणतीस किलो." मुलगी म्हणायची, "काका, दॅट्स सो रूड." काकांना ते कौतुकच वाटायचं.

इथली एक रीत तिकडच्या माणसांना कळत नाही. कुवेतहून कुणी सुट्टीवर निघालं की बातमी आपोआप पसरते, आणि ओळखीचे चार जण आपापली पिशवी घेऊन दारात उभे राहतात. दोनच किलो आहे हो. कुणाच्या आईचं गुडघ्याचं मलम, कुणाच्या भाच्याचे बूट. नाही म्हणायचं नसतं, कारण पुढच्या महिन्यात आपली पिशवी त्यांच्या बॅगेत जायची असते. मी पंधरा वर्षं ह्या पिशव्या वाहिल्या. आता खरंच कंटाळा आलाय. सुट्टीचे पहिले चार दिवस लोकांचे बूट पोचवण्यात जातात, आणि आपली माणसं भेटेपर्यंत आपण दमलेलो असतो.

ह्या सगळ्या कारभारात काका म्हणजे मोठा आधार. खिशात स्प्रिंगचा काटा घेऊन यायचे, तो दाराच्या कडीला अडकवायचे आणि एकेक पिशवी लटकवून वजन मोठ्याने सांगायचे. दोन किलो म्हणून आणलेली पिशवी साडेतीन भरली की आणणाऱ्याकडे नुसतं बघायचे. बॅग भरून झाली की वरून सुतळी. चिकटपट्टीचा त्यांना तिटकारा होता. "टेपला लाज नसते, कुठेही चिकटते," म्हणायचे. सुतळीचे दोन वेढे घेऊन, टोक आत दडवून ते अशी गाठ मारत की बाहेरून शेंडीच दिसायची नाही. ती गाठ सोडायची कशी हे त्यांनी कुणालाच शिकवलं नाही. मुंबईला उतरल्यावर ती कात्रीने कापावीच लागायची.

इतक्या लोकांच्या बॅगा त्यांनी भरल्या, पण स्वतःची पिशवी कुणाच्या हाती दिली नाही. एकदा मीच विचारलं, "काका, तुमचं काही न्यायचं का?" म्हणाले, "अजून तयार नाही." मला वाटलं, माणूस भिडस्त आहे.

माझे वडील गेले तेव्हा फोन सकाळी आला आणि विमान दुपारचं मिळालं. मी कपाटासमोर नुसती उभी होते. काका गोदामातून कामाच्या कपड्यांतच आले. त्यांनी वीस मिनिटांत माझी बॅग भरली. त्या दिवशी कुठलीच वस्तू मूर्ख म्हणून बाहेर काढली नाही. रत्नागिरीला पोचून बॅग उघडली तर सगळ्यात वर एक टॉवेल आणि बिस्किटांचा पुडा. वर चिठ्ठी होती, "रडून भूक लागते. लाजू नये." मी पडवीत बसून अख्खा पुडा संपवला. त्या पुड्याचं ऋण माझ्यावर होतं, म्हणून पुढचं सगळं घडलं.

काका हवल्लीतल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहायचे. बायको फार पूर्वी गेलेली, एक मुलगी मिरजेतच दिलेली. एकदा मी मोदकांचा डबा द्यायला गेले तर दारातच आंबट वास आला. मी सहज म्हटलं, "काय काका, इडलीचं पीठ जास्त आंबलं वाटतं."

काकांचा चेहरा पांढरा पडला. "आधी आत या. दार लावा."

मोरीत एक झाकणाची बादली होती आणि तिला काकांनी आपला लोकरीचा स्वेटर घातला होता. जमियात सातूचं बिनदारूचं पेय मिळतं, त्यात साखर आणि यीस्ट घालून ते बिअर करत होते. ह्या देशात ही गोष्ट सापडली तर काय होतं हे इथल्या शाळकरी मुलांनाही माहीत आहे. आणि गंमत म्हणजे काका स्वतः थेंबभरही घेत नसत. त्यांना साखरेचा आजार होता.

"मग हे कुणासाठी?"

तेव्हा त्यांनी मित्राची गोष्ट सांगितली. माझ्याकडे न बघता, एकीकडे बाटल्यांची बुचं सैल करत. प्रत्येक बाटली बारीक फुस्स करायची. "वायू साठू द्यायचा नाही," मधेच म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ सोडायचा."

वीसेक वर्षांपूर्वी त्या खोलीत ते दोघे राहत. मित्र चिपळूणचा, एसी दुरुस्त करायचा. बिअरचा नाद दोघांचा. पण ती कधी जमलीच नाही. कधी शिरका व्हायची, कधी साखरपाणी. मित्र दर वेळी एक घोट घेऊन गंभीरपणे निकाल द्यायचा, "नाही जमली," आणि दोघे पोट धरून हसायचे. एका उन्हाळ्यात काका राईत कामावर असताना भर दुपारी बाटल्या फुटल्या. आवाज झाला, फेस दाराखालून जिन्यात वाहिला. इमारतीच्या राखणदाराने, हारिसने, पोलिसांना बोलावलं. मित्र घरी होता. त्याने दार उघडलं आणि सांगितलं, "सगळं माझं आहे. माझ्याबरोबर राहतो त्याला ह्यातलं काही माहीत नाही."

मित्राला आधी तुरुंग झाला, मग बोटांचे ठसे घेऊन त्याला कायमचं परत धाडलं. जाण्याआधी त्याची बॅग पोचवायला काका गेले. जाळीपलीकडून तो हसून म्हणाला, "जमली की पाठव रे."

"तो गंमत करत होता, काका."

"असेल," काका म्हणाले. "मी हो म्हणालो होतो."

त्यानंतर दर दोन वर्षांनी ते मिरजेला जात. कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण. एकदाही गेले नव्हते. मित्राचे फोन यायचे, तेही उचलत नव्हते. उचलून काय सांगू, अजून जमली नाही म्हणून? मला त्यांची दया यायला हवी होती, पण आला तो वैताग. मी म्हटलं, "अहो, तो माणूस काय तुमच्या बिअरसाठी ताटकळत बसलाय का?"

"तो नाही. मी बसलोय," काका म्हणाले, आणि मोदकांचा डबा रिकामा करून, धुऊन, पुसून माझ्या हातात दिला.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. त्याला सांगितलं असतं तर काकांना आमच्या घराचं दार बंद झालं असतं.

गेल्या वर्षी आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी एकटीच निघाले. काका आले, बॅग भरली, काटा खिशात टाकला, पण जायचं नाव घेईनात. मग पिशवीतून खजुराचा गोल पत्र्याचा डबा काढला. वरून सुतळी, गाठीची शेंडी आत.

"नऊशे ग्रॅम," म्हणाले.

मी काय ते समजले. "जमली?"

"मला कळत नाही." करोनाच्या साथीत त्यांना ताप आला होता, तेव्हापासून नाकाचा वास आणि जिभेची चव गेली ती गेलीच. "रंग बरा वाटतो. पण कळणार त्यालाच. ही शेवटची बादली, वहिनी. माझा इकामा आता कंपनी पुढे वाढवणार नाही. सहा महिन्यांत गाशा गुंडाळायचा." मग खाली बघत म्हणाले, "तो जमली म्हणाला तर जाताना चिपळूणला उतरेन. नाही म्हणाला तर सरळ मिरज."

मी डबा घेतला. बिस्किटांचा पुडा आठवला आणि तोंडातून नाही निघालंच नाही.

विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं होतं. दुपारी नवरा ऑफिसला, मुलगी शाळेत, आणि मी पलंगावर त्या डब्यासमोर बसलेली. विमानतळावरचं बॅगा तपासायचं यंत्र डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. सापडले तर माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवानाच, जाईल, नवऱ्याच्या नोकरीवर येईल, मुलीची शाळा सुटेल. कुणाच्या तरी वीस वर्षांपूर्वीच्या शब्दासाठी. मी कात्रीने सुतळी कापली. आत कागदाच्या कातरणात हिरवी बाटली झोपली होती. बूच काढलं आणि बेसिनमध्ये उपडी केली. पाण्यासारखी गेली. मग तासभर खिडक्या उघड्या टाकून, नळ सोडून बसले. एक थेंब जिभेवर ठेवून बघावा हेसुद्धा मला सुचलं नाही. सगळ्यात जास्त हळहळ मला त्याची वाटते.

रिकामी बाटली मात्र धुऊन बरोबर घेतली. विमानातच ठरवलं होतं की तिकडे गेल्यावर भरायची.

रत्नागिरीत डोक्यावरून ओढणी घट्ट गुंडाळून मी आयुष्यात पहिल्यांदा वाइन शॉपच्या जाळीसमोर उभी राहिले. पुढचे दोन पुरुष आपणहून बाजूला झाले. दुकानदार फार अदबीने म्हणाला, "गार देऊ की साधी, वहिनी?" मी साधी म्हटलं. "पाहुणे आलेत वाटतं," म्हणाला. मी मान हलवली आणि कागदात गुंडाळलेली बाटली घेऊन चोरासारखी पळाले. घरी न्हाणीघरात कोंडून घेऊन हिरव्या बाटलीत ओतली. उरलेली परसातल्या केळीला घातली. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून खाटेवर पडलेली आई म्हणाली, "कसला गो वास येतोय?" मी म्हटलं, "डोळ्यांत घालायच्या औषधाचा." तिने विश्वास ठेवला की नाही, कोण जाणे.

गाठ मारायला मला दोन तास लागले. काकांसारखे दोन वेढे घेतले, टोक आत दडवलं, ते पुन्हा बाहेर आलं. शेवटी जमेल तशी मारली आणि डबा मांडीवर घेऊन चिपळूणच्या एसटीत बसले.

मित्राचं फ्रिज आणि पंखे दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. माणूस अंगाने भारी, गुडघा दुखरा, हसरा. मी काकांचं नाव सांगताच हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. खुर्ची पुसून दिली, सरबत मागवलं. मग डबा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि गाठीवर अंगठा फिरवला.

"ताई, ही त्याची गाठ नव्हे."

येताना अर्धा रस्ता मी खोटं घोकत आले होते. त्यातलं एक वाक्य आठवेना. मी सगळं सांगून टाकलं. यंत्राची भीती, बेसिन, वाइन शॉप, सगळं. सांगताना रडायला आलं आणि स्वतःचाच संताप आला.

त्याने सरबताचा ग्लास माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "मुलगी केवढी आहे तुमची?"

"तेरा वर्षांची."

"मग ओतलीत ते बरं केलंत." त्याने गाठ सोडली. माझी गाठ ती, एका झटक्यात सुटली. बाटली स्टीलच्या ग्लासात ओतली. वर दोन बोटं फेस आला. भर दुपारी, कोमट, त्याने ती एका दमात संपवली आणि मिशा पुसल्या.

"त्याला सांगा, जमली."

"पण ती त्यांची नव्हती हो..."

"ते मला नि तुम्हाला ठाऊक. ताई, त्या दिवशी मी काय मोठेपणा करायला गेलो नव्हतो. दार वाजलं, मी घरात होतो, मी उघडलं. तो घरात असता तर त्याने उघडलं असतं. एवढीच गोष्ट. पण सांगणार कसं? फोन उचलील तर शप्पथ." त्याने बाटलीचं बूच लावून ती मला परत दिली. "ही त्याला द्या. नि म्हणावं, आता तू ये. ही रिकामीच आणलीस तरी चालेल."

परत आल्यावर पहिल्या शुक्रवारी दुपारी मी हवल्लीला गेले. काकांनी दार उघडलं ते जणू दारामागेच उभे होते. खोलीत आंबट वास नव्हता. मोरीतली बादली उपडी पडली होती.

"काय म्हणाला?"

"जमली म्हणाले."

काका हळूच उपड्या बादलीवर बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "नीट सांगा. कशी प्यायला?"

खोटं पक्कं व्हावं म्हणून मी जे पाहिलं ते भरभरून सांगितलं. स्टीलचा ग्लास, एका दमात, मिशा पुसल्या. "आणि फेस काय सुंदर आला होता, काका! चांगला दोन बोटं."

काकांनी माझ्याकडे बघितलं. ज्या नजरेने ते दोन किलोची म्हणून आणलेली पिशवी काट्यावर बघायचे, त्याच नजरेने.

"फेस?" ते म्हणाले. "वहिनी, त्या बाटल्या फुटल्या तेव्हापासून मी एकाही बाटलीत वायू राहू दिला नाही. भीती बसली. माझ्या बिअरला फेस येतच नाही."

बेसिनमध्ये ती पाण्यासारखी गेली होती. माझ्या डोळ्यांदेखत गेली होती. मी मान खाली घातली आणि दुसऱ्यांदा सगळं कबूल केलं. आता हा माणूस मला दार दाखवेल असं वाटलं. दाखवायलाच हवं होतं. त्यांची वीस वर्षं मी अर्ध्या मिनिटात मोरीत सोडली होती.

काकांनी एवढंच विचारलं, "त्याला कळलं?"

"गाठ बघूनच कळलं."

"सगळं कळलं? तरी जमली म्हणाला?"

"हो. तुम्हाला असंच सांगा म्हणाले."

बाहेर खाली कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं, तो थांबला. मग काका म्हणाले, "म्हणजे दुसऱ्यांदा माझ्यासाठी खोटं बोलला," आणि त्या उपड्या बादलीवर बसून ते रडायला लागले. म्हाताऱ्या माणसाला असं रडताना मी बघितलेलं नव्हतं. काय करावं कळेना. शेवटी दोरीवरचा टॉवेल काढून त्यांच्या हातात दिला, आणि पर्समधला मुलीचा बिस्किटांचा पुडा उघडून पुढे ठेवला. त्यांनी तीन खाल्ली. मग मी पर्समधून हिरवी बाटली काढून निरोपाचा उरलेला भाग सांगितला.

काकांच्या जाण्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं नवराबायको त्यांच्या खोलीवर गेलो. नवरा खालचा हिशेब मिटवायला हारिसकडे गेला आणि मी काटा धरायला थांबले. तीस वर्षांचं सामान एका बॅगेत मावलं होतं. झाकण मात्र लागत नव्हतं. काकांनी दोनदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं. मी आत हात घातला. मधोमध कपड्यांच्या घड्यांत खजुराचा पत्र्याचा डबा, आणि डब्यात कागदाच्या कातरणात झोपवलेली ती रिकामी बाटली.

"काका, प्रत्येक बॅगेत एक असते म्हणाला होतात," मी म्हटलं. "ही काढली की झाकण लागेल."

"ठाऊक आहे," काका म्हणाले. "बसा वर."

मग आम्ही दोघं त्या बॅगेवर बसलो.